सहावीतल्या मुलीला कॉटिलियनच्या वर्गाला घालावे का?

रेवती_कॅरी

नमस्कार. आम्ही उत्तर कॅरोलायनात रॅलीजवळच्या कॅरी गावात राहतो. मुलगी यंदा सहावीत गेली, म्हणजे इथल्या हिशेबाने मिडल स्कूलमध्ये आली. तिच्या एका मैत्रिणीच्या आईने आमचे नाव 'ज्युनियर कॉटिलियन'च्या वर्गासाठी सुचवले आणि पाठोपाठ छापील निमंत्रणपत्रिका घरी आली. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत महिन्यातल्या एका रविवारी दुपारी हा वर्ग भरतो. त्यात जेवणाच्या टेबलावरचे शिष्टाचार, ओळख करून देण्याची व घेण्याची रीत, आभाराची पत्रे लिहिणे, फोनवर बोलणे आणि यांच्या जोडीला वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, चा-चा व इकडच्या समुद्रकिनाऱ्यावर रुजलेला शॅग, असे जोडीने करायचे नाच शिकवतात. वर्षाच्या शेवटी एक 'बॉल', म्हणजे समारंभपूर्वक नृत्यसभा, असते आणि तिला आईवडिलांनाही बोलावतात. मुलांनी कोट-टाय व मुलींनी गुडघ्याखाली येणारा फ्रॉक आणि मनगटापर्यंतचे पांढरे हातमोजे घालावेत, असे पत्रिकेत ठळक अक्षरांत छापलेले आहे.

मुलगी घरात अखंड बडबडते. चार परक्या माणसांत मात्र तिची दातखीळ बसते. मंडळाच्या गणेशोत्सवात कोणी 'कितवीत आहेस गं?' असे विचारले तरी ती माझ्याकडे बघते आणि उत्तर मी देते. गंमत म्हणजे ती लहानपणापासून भरतनाट्यम शिकते आणि भरलेल्या सभागृहासमोर तिला जराही भीती वाटत नाही. त्यामुळे 'नाच शिकून धीटपणा येतो' हे विधान माझ्या घरात तरी खोटे ठरलेले आहे, आणि आणखी एक नाच शिकून काय साधणार, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न नाजूक आहे. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. बाराव्या वर्षी मुलांच्या हातात हात देऊन नाचायचे हे त्यांना पसंत नाही, आणि माझ्याही मनात थोडी अढी आहेच. शिवाय वर्ग भरतो तो कंट्री क्लब (सभासदांपुरता खासगी क्लब), निमंत्रणपत्रिका, पांढरे हातमोजे हा सारा थाट पाहून हे प्रकरण बड्या घरांचे असावे आणि आपण तिथे उपरे ठरू, असेही वाटते. काटे-चमचे तर घरीही शिकवता येतील. ज्यांची मुले अशा वर्गांना गेली आहेत, त्यांनी प्रत्यक्षात काय घडते ते सांगावे, ही विनंती.

प्लेनोकर

रेवतीताई, आमचा मुलगा इथे टेक्सासमध्ये सातवीत आणि आठवीत अशा वर्गाला गेला. संस्था तुमच्याकडची नसली तरी या वर्गांचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो, म्हणून एका दुपारचे वर्णन करतो.

वर्ग दारातच सुरू होतो. संचालिका आणि दोन-तीन पालक ओळीने उभे असतात. प्रत्येक मुलाने त्यांच्यापुढे जाऊन, समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहून हात पुढे करायचा, आपले पूर्ण नाव सांगायचे आणि समोरच्याचे नाव घेऊन 'गुड आफ्टरनून' म्हणायचे. जो पुटपुटतो, त्याला हसतमुखाने ओळीच्या शेवटी पाठवतात. आमच्या चिरंजीवांना पहिल्या दिवशी हा प्रवास एकापेक्षा अधिक वेळा घडला आणि घरी येताना गाडीत त्यांनी या संस्थेविषयीचे आपले मत फार स्पष्ट शब्दांत मांडले. पुढे पुढे मात्र ते वाक्य इतके अंगवळणी पडले की हायस्कूलच्या मुलाखतीला जाताना त्याला निराळी तयारी करावी लागली नाही.

आत खुर्च्या एक मुलगा, एक मुलगी अशा मांडलेल्या असतात. निम्मा वेळ नाच आणि निम्मा वेळ शिष्टाचार, असे साधारण गणित असते. मला सर्वांत आवडलेला पाठ सरबताचा होता. मुलाने जोडीदार मुलीला 'लेमोनेड आणू का?' असे विचारायचे, दोन पेले आणायचे, पेल्याखाली कागदी रुमाल धरायचा आणि संगीत पुन्हा सुरू होईपर्यंत तिच्याशी उभ्याउभ्या बोलायचे. पेला डाव्या हातात धरायचा, कारण तेवढ्यात कोणी हस्तांदोलनाला हात पुढे केला तर उजवा हात रिकामा, कोरडा आणि गार नसलेला असावा. ही गोष्ट मला चाळिशीत कळली. आजवर कचेरीच्या समारंभांत मी लोकांना ओला, थंडगार पंजा देत आलो होतो. बोलण्यासाठीही ते मुलांना वाऱ्यावर सोडत नाहीत. 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येणार नाही असे प्रश्न विचारा, असे सांगतात आणि त्याचा सरावही करून घेतात.

काटे-चमचे घरी शिकवता येतात, हे खरे आहे. पण घरी आपण शिकवत नाही, हेही खरे आहे. एका वर्गात संपूर्ण जेवण वाढून पाठ घेतात : सूपचा चमचा आपल्यापासून दूर नेत भरायचा, पाव सुरीने न कापता हाताने एकेक घासापुरता तोडायचा आणि तेवढ्यालाच लोणी लावायचे, मीठ मागितले तरी मीठ-मिरपूड दोन्ही पुढे करायचे, जेवण संपले की काटा आणि सुरी ताटलीत शेजारी शेजारी तिरकी ठेवायची. पावाची ताटली आपली कोणती हा घोळ मोठ्यांचाही होतो. त्यावर मुलांना शिकवलेली युक्ती अशी की दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून उरलेली बोटे सरळ ठेवली की डाव्या हाताचा 'बी' होतो आणि उजव्याचा 'डी'. म्हणजे पाव, अर्थात ब्रेड, डावीकडचा आणि पिण्याचा पेला, म्हणजे ड्रिंक, उजवीकडचा. आमच्याकडे अडचण वेगळीच आली. डाव्या हाताने घास घ्यायचा नाही हे वळण त्याला आजीने इतके पक्के लावलेले होते की डाव्या हातातला काटा तोंडापर्यंत जायलाच तयार नसे.

तुम्ही शाकाहारी असाल तर संचालिकेला आधी कळवा. आम्ही कळवले, तेव्हा त्यांनी तोच विषय वर्गात घेतला : निमंत्रण स्वीकारतानाच यजमानांना सांगावे, टेबलावर बसल्यावर पथ्याची यादी वाचू नये.

मेधा_अटलांटा

वरील प्रतिसाद वाचनीय आहे, पण रेवतीताईंच्या तिसऱ्या, म्हणजे उपरेपणाच्या, शंकेला त्यात बगल दिलेली आहे, म्हणून लिहिते.

कॉटिलियन हा अठराव्या शतकात फ्रान्समधून इंग्लंडात आणि पुढे अमेरिकेत आलेला चार जोड्यांचा नाच. कालांतराने हे नाव समारंभपूर्वक भरवलेल्या नृत्यसभेलाच चिकटले, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत अशा सभांचा संबंध उपवर मुलींना 'समाजापुढे' आणण्याच्या डेब्युटंट बॉलशी जोडला गेला. त्या सभांना कोणाला बोलवायचे आणि कोणाला नाही, यातच त्यांची सारी प्रतिष्ठा होती. वंश, पैसा आणि घराणे या तिन्ही कुंपणांच्या आत तो नाच चालत असे. ज्युनियर कॉटिलियन म्हणजे डेब्युटंट बॉल नव्हे. तो मध्यशालेय मुलांचा शिकवणीवर्ग आहे, त्यात आज सर्व प्रकारच्या कुटुंबांतील मुले दिसतात आणि 'निमंत्रण' हे बहुतेक ठिकाणी नावनोंदणीचेच दुसरे नाव आहे. तरीही पत्रिका, क्लब आणि हातमोजे कुठून आले हे ठाऊक असलेले बरे.

याच इतिहासाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्यांना त्या सभांची दारे बंद होती, त्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी आपल्या सभा स्वतः उभ्या केल्या. १९३८ मध्ये फिलाडेल्फियात मातांनी स्थापन केलेल्या 'जॅक अँड जिल' या संस्थेच्या शाखा, तसेच महाविद्यालयीन स्त्रियांच्या भगिनीसंस्था आजही मुलींसाठी कॉटिलियन आणि मुलांसाठी 'ब्यूटिलियन' भरवतात, आणि त्यांत नाचाबरोबर अभ्यास, समाजसेवा व शिष्यवृत्ती यांना मोठे स्थान असते. म्हणजे कौशल्य आणि कुंपण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. उपरेपणाच्या भीतीने कौशल्यच नाकारू नये असे मला वाटते.

माझा खरा आक्षेप दुसरीकडे आहे. अनेक वर्गांत अजूनही मुलानेच विचारायचे आणि मुलीने हो म्हणायचे अशी रीत असते. २०१८ मध्ये यूटा राज्यातील एका प्राथमिक शाळेने सहावीच्या मुलींना व्हॅलेंटाइन डेच्या नृत्यात कोणालाही नकार देऊ नये असे सांगितले. एका आईने त्याविरुद्ध आवाज उठवला, वृत्तपत्रांत चर्चा झाली आणि अखेर ती सूचना मागे घ्यावी लागली. शाळेचा हेतू कोणाचे मन दुखवू नये हा होता, हे मान्य. पण बारा वर्षांच्या मुलीला तिच्या शरीराविषयी 'नको' म्हणणे म्हणजे असभ्यपणा, असे शिकवणे मला भयंकर वाटते. जॉर्ज वॉशिंग्टनने शाळकरी वयात सभ्य वर्तनाचे ११० नियम वहीत उतरवून घेतले होते. त्यातला पहिलाच नियम असा की चारचौघांत आपली प्रत्येक कृती उपस्थितांविषयीचा आदर दर्शवणारी असावी. ज्या वर्गात मुलीच्या नकाराला आदर नाही, तिथे काट्या-चमच्यांची जागा कितीही अचूक असली तरी मी मुलीला पाठवणार नाही. पैसे भरण्यापूर्वी संचालिकेला हे थेट विचारा : मुलीही विचारू शकतात का? नकार देता येतो का? देता येत असेल, तर तो कसा द्यावा आणि कसा घ्यावा हे शिकवता का?

तालमात्रा

मी न्यू जर्सीत बॉलरूम, म्हणजे वॉल्ट्झसारखे जोडीने करायचे नाच, शिकवतो आणि काही काळ शाळांमधूनही शिकवले आहे. रेवतीताईंचा पहिला प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण रंगमंचावरचा धीटपणा आणि माणसांतला धीटपणा यांत पालक सहसा फरक करत नाहीत.

भरतनाट्यमची नर्तिका प्रेक्षकांसमोर असते, पण प्रेक्षक तिला मध्येच काही विचारत नाहीत. सगळे आधीच बसवलेले असते आणि चूक झालीच तर ती तिला आणि गुरूंना कळते. जोडीच्या नाचात समोरचा माणूस प्रत्येक ठोक्याला काहीतरी सांगत असतो आणि तुम्हाला उत्तर द्यावेच लागते. वॉल्ट्झचा चौकोनी पदन्यास घ्या. तीन-तीन मात्रांच्या दोन आवर्तनांत सहा पावले. नेणारा डावा पाय पुढे टाकतो, त्याच क्षणी त्याच्याबरोबर चालणारी उजवा पाय मागे घेते. त्याचा डावा हात तिच्या उजव्या हातात, उजवा पंजा तिच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, दोघांची कोपरे उचललेली आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. नवखा मुलगा खाली बुटांकडे बघतो, कोपर गळते आणि मग तो कुठे निघाला आहे हे समोरच्या मुलीला कळेनासे होते. मान वर केली, कोपर उचलले की हातांतून संदेश पोहोचतो आणि पाय आपोआप जुळतात. 'आत्मविश्वासाने वाग' असे लाजऱ्या मुलाला शंभरदा सांगून उपयोग नसतो. 'कोपर वर, नजर तिच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे' हे मात्र त्याला करता येते.

दुसरे कारण म्हणजे जोडीदार बदलणे. चांगल्या वर्गात मुले गोलात उभी असतात आणि दर दोन-तीन मिनिटांनी एक गोल पुढे सरकतो. त्यामुळे कोणी कोणाला निवडत नाही, कोणी मागे उरत नाही, आणि उंच-बुटका, ओळखीचा-अनोळखी अशा प्रत्येकाशी 'हॅलो', नाव आणि शेवटी 'थँक यू' एवढे तरी बोलणे होतेच. लाजऱ्या मुलांना खरी भीती असते ती संवाद सुरू कसा करायचा आणि संपवायचा कसा, याची. इथे दोन्ही टोके ठरलेली असतात. मधली दोन मिनिटे तेवढी निभवायची असतात, आणि तीही पाय मोजण्यात जातात. एका दुपारी ही उजळणी दहा-बारा वेळा होते. गणेशोत्सवातल्या काकू मात्र तुमच्या मुलीला वर्षातून एकदाच भेटतात.

याच तत्त्वावर न्यू यॉर्कमध्ये पिएर ड्युलेन या नर्तकाने १९९४ मध्ये सार्वजनिक शाळांत 'डान्सिंग क्लासरूम्स' हा उपक्रम सुरू केला. तो मुख्यतः पाचवीच्या मुलांसाठी असून दहा आठवड्यांत वीस तासिका असतात. त्यात सगळा वर्ग भाग घेतो, फक्त हौशी मुले नव्हेत. कंट्री क्लब नाही, कोट-टायची सक्ती नाही. शाळेची व्यायामशाळा किंवा जेवणाचा हॉल पुरतो. ड्युलेन यांचा जन्म आजच्या इस्रायलमधील जाफा या बंदरगावचा. पुढे त्यांनी तिथे जाऊन ज्यू आणि पॅलेस्टिनी-इस्रायली मुलांना एकत्र नाचायला शिकवले. तिथे तर सुरुवातीला काही मुले एकमेकांचा हात धरायलाच तयार नव्हती. मेधाताईंनी सांगितलेले कुंपण काढून टाकले तरी शिक्षण तेवढेच होते, याचे हे उदाहरण मानता येईल.

हातमोज्यांविषयी एक व्यावहारिक गोष्ट. परंपरा काहीही असो, या वयात तळहात घामेजतात आणि त्याचीच मुलांना सर्वांत जास्त लाज वाटते. मोजे घातले की ती काळजी मिटते. मी स्वतः ते वापरत नाही, दाराशी हात पुसायला टॉवेल ठेवतो. पण मोज्यांना हसावे असे काही नाही.

मडगावकार

माझी मराठी पेडण्याच्या आजोळची आणि राहणे मडगावला, त्यामुळे हातात हात देण्याच्या प्रश्नावर दोन शब्द लिहितो. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरांतली लग्ने लहानपणापासून पाहत आलो. बँड सुरू झाला की वऱ्हाड जोड्या-जोड्यांनी मार्च करत मंडपात फिरते, मग वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, जाइव्ह. त्यात आजोबा नातीबरोबर नाचतात, भाचा मावशीबरोबर, शेजारचा मुलगा शेजारच्या मुलीबरोबर. सगळे घर बघत असते, म्हणून कोणाला त्यात वावगे वाटत नाही. त्याच अंगणात जुन्या पद्धतीचा मांडोही होतो. त्यात स्त्री-पुरुष समोरासमोरच्या रांगांत, हातात पंखा आणि रुमाल घेऊन, एकमेकांना स्पर्श न करता नाचतात आणि तरीही तो पुरता जोडीचाच नाच असतो. रेवतीताई, सासूबाईंना एकदा वर्ग बघायलाच घेऊन जा. पालकांना मागे बसू देत असतील तर निम्मी हरकत तिथेच संपेल, कारण बारा वर्षांची मुले नाचताना शृंगारापेक्षा पाढे म्हणत असल्यासारखी दिसतात.

श्टुटगार्टहून

जर्मनीत हा प्रश्न कोणाला पडतच नाही. साधारण चौदा-पंधराव्या वर्षी वर्गातली बरीच मुले मिळून गावातल्या नृत्यशाळेत नाव घालतात आणि शेवटच्या समारंभात आईवडिलांनाही नाचावे लागते. आमच्या घरात खरी धांदल तिथे उडाली. मुलाला येत होते, आम्हा दोघांना काडीचेही येत नव्हते, म्हणून आदल्या आठवड्यात त्याने स्वयंपाकघरातले टेबल सरकवून आम्हाला वॉल्ट्झ शिकवला. चौदावे वर्ष उशिराचे की बारावे लवकरचे, यावर मत देणार नाही. मात्र एकटीला पाठवू नका, एखादी ओळखीची मैत्रीण बरोबर असू द्या, एवढे आवर्जून सांगतो.

रेवती_कॅरी

सर्वांचे मनापासून आभार. मेधाताईंचे तिन्ही प्रश्न मी संचालिकाबाईंना फोन करून विचारले. गोलात जोडीदार आपोआप बदलतात. शिवाय दर वर्गात एक-दोन नाच असे असतात ज्यांत मुलींनी विचारायचे असते. नकाराविषयी मात्र त्या 'आमच्याकडे मुले गोड आहेत, तशी वेळ येत नाही' एवढेच म्हणाल्या. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. तालमात्रा, तुम्ही तुमच्या वर्गात हे कसे शिकवता?

तालमात्रा

आम्ही नकाराचाही सराव घेतो, आणि तो आधी हसतखेळत घेतो. नकार देणाऱ्याने 'नो, थँक यू' एवढेच स्पष्ट म्हणायचे. पाय दुखतो, पाणी प्यायचे आहे अशी कारणे जोडायची नाहीत, कारण खोटे कारण सांगून पुढच्या मिनिटाला दुसऱ्याबरोबर नाचायला गेले की पहिल्याचे मन अधिक दुखते. ऐकणाऱ्याने 'ओके, थँक्स' म्हणायचे आणि तिथून निघायचे. पुन्हा विचारायचे नाही, मित्रांकडे बघून हसायचे नाही. मग भूमिका बदलायच्या. नकार देण्यापेक्षा तो घेण्याचा सराव मुलांना अवघड जातो, म्हणून तो जास्त वेळा करून घ्यावा लागतो. नाच चालू असताना हात नकोसा वाटला, तर थांबून शिक्षकाकडे यायचे, आणि शिक्षकाने सर्वांदेखत चौकशी न करता जोडी बदलून द्यायची. तुमच्या संचालिकाबाईंना हे सुचवून बघा. त्यांनी मनावर घेतले तर नाव घाला. उडवून लावले तर गावातल्या एखाद्या नृत्यशाळेत मुलांचा गटवर्ग शोधा. तिथे काटे-चमचे शिकवणार नाहीत, पण तो भाग प्लेनोकरांचा प्रतिसाद छापून जेवणाच्या टेबलावर ठेवला तरी भागेल.

प्लेनोकर

छापायला हरकत नाही, मात्र सूपचा चमचा नीट वाचा. आणखी एक : नाव घातलेत तर बूट रबरी तळव्याचे घेऊ नका. ते लाकडी जमिनीला चिकटतात, वळताना गुडघ्यावर ताण येतो आणि मूल समजते की आपल्यालाच जमत नाही. गुळगुळीत तळव्याचे, पट्टा असलेले आणि आधी घरात वापरून थोडे सैल झालेले बूट पहिल्याच वर्गाला घालून पाठवा.